दुसरं शुद्धिपत्र

८ फेब्रुवारी २००१, गुरुवार

माझी बायको विमला जाऊन सोळा दिवस झाले. जलदान विधी आटोपला, पाहुणे गेले, आज छापखाना उघडला.

ही वही मीच बांधली, लग्नपत्रिकांच्या कातरणाची. विकत आणायची काय गरज? छापखान्यात जन्म गेला आणि वही दुकानातून आणली तर लोक हसतील. लिहायचं कारण एवढंच की दुपारी बोलायला कोणी नाही. ती डबा घेऊन यायची, मी जेवायचो, मग मागच्या बाकावर अर्धा तास पडायचो. ती म्हणायची, "पडा तुमी, मी आहो न इथं." आज डबा पोरानं, अश्विननं आणला. पडलो, पण डोळा लागला नाही.

मी बोलतो आपली बोली, लिहितो शुद्ध. छापणाऱ्याला दुसरी सोय नाही. पन्नास वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. नागपूरच्या छापखान्यात शिकलो, छप्पन साली दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी साकोलीत येऊन पायानं चालवायचं हे ट्रेडल मशीन टाकलं. तेव्हापासून ‘टेंभुर्णे मुद्रणालया’तून चुकीचं अक्षर बाहेर गेलेलं नाही. हे मी म्हणत नाही, तालुका म्हणतो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अश्विनचं तेच टुमणं, कॉम्प्युटर घेऊ, ऑफसेट टाकू. मी म्हटलं, "तुह्या त्या डब्यात अक्षर चुकलं तर त्याले चिमट्यानं उचलता येते का?" तो हसला. पोरगा वाईट नाही, मशीनवर हात चांगला आहे. पण जुळणी त्याला मी देत नाही. जुळणी मी, छपाई तो, असंच पहिल्यापासून आहे. खिळा हातात धरला की उलटं अक्षर सुलटं दिसलं पाहिजे, ते सगळ्यांना जमत नाही.

विमलाला जमायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. मी खिळ्यांवरूनच शिकवलं. त्यामुळे बिचारी उलटं आधी शिकली, सुलटं मागून. आम्ही यावर किती हसायचो. म्हातारपणीसुद्धा दुपारची फर्म्याजवळ, म्हणजे जुळलेल्या खिळ्यांच्या चौकटीजवळ, बसून खिळे चाळत राहायची, पोरं गोट्या चाळतात तशी. मी म्हणायचो, "विमले, जुळलेलं इस्कटू नोको." ती म्हणायची, "नाई जी."

आता कोणी खिळ्यांना हात लावत नाही. घर खायला उठतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट झाली ती लिहावी की नाही, कळत नाही. लिहितोच.

खैरीचा माणूस पत्रिका परत घेऊन आला. त्याची खैरी सडक-अर्जुनीकडची, आता गोंदिया जिल्ह्यात. मी छापलं ‘जि. भंडारा’. ते दोन शब्द सुतळीनं बांधून ठेवलेले असतात, सवयीनं उचलले गेले. आता भंडारा जिल्ह्यातही एक खैरी आहे. म्हणजे वऱ्हाड गेलं असतं भलत्याच खैरीत!

माणूस भला होता. म्हणाला, "राहू द्या भाऊ, तुमचं दुःख ताजं हाये." दुःखाचा काय संबंध? जिल्हा तुटून दोन वर्षं होत आली, दोन वर्षांत शेकडो पत्रिका गेल्या, एकदाही असं झालं नव्हतं. पुन्हा छापून दिल्या.

४ मार्च, रविवार

सानगडीच्या किराणावाल्याच्या जाहिरातीत ‘शुद्ध तूप’चं ‘शुद्ध तप’ झालं. तो हसत होता. म्हणे, "तेजरामभाऊ, आमच्या दुकानात आता साधू येऊन राहिले." मला हसू आलं नाही.

खिळे झिजलेत. उकार तर पार गेलेत. शिवाय घरात उंदीर आहेत, केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे इकडचे तिकडे करतात. अश्विन म्हणाला, "बाबा, भंडाऱ्याले डोळ्याचं शिबिर हाये. मोतीबिंदू दाखवून येऊ." मी म्हटलं, "आंधळा झालो काय मी? तुही आई गेली तवापासून तुमाले माह्यात दोषच दिसून राहिले."

त्याची बायको रत्नमाला भाकर वाढत होती. तिनं अश्विनकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. नवरा-बायकोच्या खाणाखुणा. आपण कशाला विचारायचं?

१५ मार्च, गुरुवार

आजचं लिहून ठेवतो.

दुपारी डोळा लागला होता. खुट्ट वाजलं म्हणून उठलो. पाहतो तर अश्विन माझ्या फर्म्यावर वाकलेला, हातात माझा चिमटा. माझ्या जुळणीतून खिळे उपटत होता! मी ओरडलो, "काय करून राहिला बे?" तो दचकला. म्हणाला, "काही नाई बाबा, सहज पाहून राहिलो."

सहज! पन्नास वर्षांच्या कारागिराची जुळणी हा सहज पाहणार! आता सगळं लख्ख दिसलं. खैरी, तूप, सगळं. आई होती तोवर याची हिंमत नव्हती. ती दुपारभर राखण बसायची. ती गेली आणि यानं हात घातला. म्हणजे चुका होतील, गिऱ्हाईक तुटेल, म्हातारा हात टेकेल, मग कॉम्प्युटर येईल.

चिमटा हिसकावून घेतला. त्याला सांगितलं, "यापुढं माह्या जुळणीले हात लावशीन तर मी मेलो समज." तो फर्म्यापासून मागं सरला. मग म्हणाला, "बरं बाबा. नाई लावत."

पोटचा पोरगा. कोणाला सांगावं?

२८ मार्च, बुधवार

आज मन थोडं बरं आहे. बाबुलाल नंदागवळी आला होता. वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माझा जुना मित्र, पन्नास वर्षांची गट्टी. धाकट्या लेकीचं, हर्षाचं लग्न बावीस एप्रिलला, पोरगा तुमसरचा. म्हणाला, "पत्रिका तुह्याच हातची पायजे. लोक म्हणतात ऑफसेट कर. म्या म्हटलं, माह्या पोरीची पत्रिका तेजराम जुळवन."

असा एक माणूस असला की जगावंसं वाटतं.

लगेच बसलो. आमच्यात जिवंत माणसाच्या नावाआधी ‘आयु.’ लावतात, म्हणजे आयुष्मान. गेलेल्याच्या आधी ‘कालकथित’. गेल्या साली बाबुलालचा मोठा भाऊ आनंदराव वारला, त्याच्या जलदानाचं कार्ड मीच केलं होतं. ती नावाची ओळ बांधून फळीवर ठेवलेली होती, तीच उचलली. ‘आनंदराव’ काढलं, ‘बाबुलाल’ बसवलं. ‘नंदागवळी’ पुन्हा जुळवायची कटकटच नाही. दोन मिनिटांत काम! याला म्हणतात कारागिरी. कॉम्प्युटरवाल्यानं करून दाखवावं.

प्रूफ मीच काढलं, मीच पाहिलं. अश्विन मशीनवर उभा होता, फर्म्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. वचकून आहे. बरंच आहे.

२ एप्रिल, सोमवार

बाबुलालच्या तीनशे पत्रिका गेल्या. गुलाबी कागद, निळी शाई. घाईत होता, गठ्ठा न सोडताच पोराला वाटायला पाठवलं.

५ एप्रिल, गुरुवार

धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सकाळी बाबुलालची बहीण वरठीहून पहिल्या गाडीनं उतरली, ती बसस्टँडपासून छाती बडवत. "माहा भाऊ गेला वो!" दारात आली तर बाबुलाल बनियनवर दात घासत उभा. ती तिथंच बसली. तासाभरात तुमसरहून व्याही चार माणसं घेऊन आले, पांढरे कपडे घालून.

पत्रिकेत छापलं होतं, ‘कालकथित बाबुलाल नंदागवळी यांची कन्या’.

त्याची बायको रुखमिणीबाई चक्कर येऊन पडली. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, दीक्षेच्या वेळीच ते सोडलं. पण व्याह्याची म्हातारी आई मानते. ती म्हणे, "ज्या पोरीचा बाप कागदावर मेला, थे पोरगी घरात आणायची का?" लग्न मोडता मोडता राहिलं.

बाबुलाल पत्रिका घेऊन छापखान्यात आला. रागावला असता तर परवडलं असतं. नुसता म्हणाला, "तेजराम, मले मारलं बे तू."

मी बाजूला उभ्या असलेल्या अश्विनकडं बोट दाखवलं. म्हटलं, "म्या नाई. यानं. तीन हप्त्यांआधी याले रंगेहात पकडला, माह्या जुळणीतले खिळे बदलताना."

अश्विन पांढरा पडला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग बाबुलालच्या पाया पडला आणि म्हणाला, "हो काका. माह्याच हातून झालं."

स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता आणखी काय पाहिजे?

७ एप्रिल, शनिवार

शुद्धिपत्र छापलं आणि पत्रिका गेल्या त्या प्रत्येक घरी पाठवलं. ‘आयु. बाबुलाल नंदागवळी हे सुखरूप आहेत. पत्रिकेतील चूक मुद्रकाचा मुलगा अश्विन याच्या हलगर्जीपणामुळे झाली आहे.’ नाव घालावं की नाही, रात्रभर विचार केला. पण पन्नास वर्षांची अब्रू आहे. हलगर्जीपणा लिहिलं, बदमाशी लिहिलं नाही. बाप आहे शेवटी.

मशीनवर अश्विननंच छापलं. स्वतःच्या नावाचा कागद एकेक करून काढत होता. याच्या जागी मी असतो तर मशीन फोडलं असतं. अपराधी माणसात दम नसतो.

९ एप्रिल, सोमवार

अश्विन गेला. रत्नमालाला आणि टीनाला घेऊन नागपूरला, तिच्या भावाकडं. मीच म्हटलं होतं, "आता तुहं तोंड पाहावत नाई." पण म्हणायचं असतं, म्हणून काय लगेच पेटी उचलायची?

रत्नमाला दारात थांबली. म्हणाली, "मामंजी, तुमाले एक सांगतो." अश्विन मागं वळला, "रत्ना! आईनं काय म्हटलं होतं?" ती पदरानं डोळे पुसत पायरी उतरली. आईनं काय म्हटलं होतं कोणास ठाऊक. जाताना भांडू नको म्हटलं असेल.

टीना, त्यांची पोरगी, सात वर्षांची. तिला वाटलं फिरायला चाललो. रिक्षातून हात हलवत होती.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. मिरवणुकीची पत्रकं चाळीस वर्षं माझ्याकडं छापली. यंदा भंडाऱ्याहून आणली, रंगीत. समितीचा पुंडलिकराव म्हणाला, "तुमाले यंदा तरास नको, भाऊ." मिरवणूक दारावरून गेली तेव्हा मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.

२२ एप्रिल, रविवार

हर्षाचं लग्न झालं. गेलो. जेवलो नाही. बाबुलालनं दुरून हात जोडले.

७ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली. रुखमिणीबाई येऊन बसली शेजारी. तिचं मन मोठं. म्हणाली, "भाऊ, झालं गेलं सोडा. पण पोराले कायले घालवलं तुमी?"

मी म्हटलं, "चूक त्यानं केली."

तिनं खिरीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आता नाई राहवत. विमलाबाईची शपथ मोडतो, काय व्हायचं थे होवो. भाऊ, थे चूक अश्विनची नोहे. तुमचं जुळलेलं इतके साल कोण दुरुस्त करे?"

म्हटलं, "कोण म्हणजे?"

"बाप्पा! विमलाबाई. तुमी जेवून पडले का थे चिमटा घेऊन बसे. बारा-चौदा साल झाले, तुमच्या डोळ्याले कमी झालं तवापासून. आमी पत्रिका तुमाले द्यायचो आन् तिले सांगून ठेवायचो, बाई, एकडाव पाहून घेजो. साऱ्या साकोलीले मालूम हाये. तुमालेच नाई."

ती थांबली नाही.

"मराच्या आधी तिनं अश्विनले जवळ बसवलं. म्हणे, आता तू पाहत जा, पण बाबाले समजू देऊ नोको, मोडून जातीन थे. थो पाहाले गेला आन् तुमी त्याले चोर ठरवलं."

घरी कसा आलो, आठवत नाही.

८ मे, मंगळवार

पहिला राग विमलावरच आला. मी फोटोसमोर उभा राहून शिव्या दिल्या. हो, दिल्या. चौदा वर्षं मला बाहुला केलंस! सगळं गाव तोंडावर ‘वा तेजरामभाऊ’ म्हणत होतं आणि मागून तुझ्याकडं प्रूफ देत होतं. मी छाती काढून चालत होतो. एकदा तरी म्हणायचं होतंस, अहो, हा उकार सुटला. चिडलो असतो, ताट फेकलं असतं, पण कळलं तर असतं!

मग रडलो. पोरासारखा, मोठ्यानं. शेजारचा चहावाला भैय्यालाल धावत आला, त्याला परत पाठवला.

तो पोरगा, त्यानं स्वतःच्या बदनामीचा कागद स्वतः छापला. पाय मारत होता मशीनवर आणि माझ्याकडं पाहत नव्हता. मी म्हातारपणी मोडू नये म्हणून. आणि मी लिहिलं, अपराधी माणसात दम नसतो. ते पान फाडणार होतो. नाही फाडलं. राहू दे. माझंच आहे.

१० मे, गुरुवार

ठरलं. जसं छापून आळ घेतला तसा छापूनच मागं घ्यायचा. तोंडी माफी वाऱ्यावर जाते. दुसरं शुद्धिपत्र काढायचं, तीनशेच्या तीनशे घरी जाईल आणि नागपूरला पहिली प्रत.

मजकूर फार लांब नको, लांब लिहिलं की चुका होतात. असा केला:

‘नंदागवळी परिवाराच्या पत्रिकेतील चुकीबद्दल माझा मुलगा आयु. अश्विन हा दोषी नसताना मी त्याला घराबाहेर काढले, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

सगळा जोर ‘नसताना’ या शब्दावर आहे. ज्याला समजायचं तो समजेल.

भैय्यालाल म्हणाला, "बाबा, जुळवून झालं का आणा, माहा पोरगा बारावी हाये, वाचून देईन." त्याचं मन चांगलं. पण नाही म्हटलं. जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगलो, मला ठाऊकही नव्हतं. हे एक काम माझ्या हातचं असलं पाहिजे. बापानं पोराची माफी मागायची आणि ती तिसऱ्यानं तपासायची? मग ती माफी कोणाची?

११ मे, शुक्रवार

दिवसभर जुळवलं. दाराशी उजेडात स्टूल घेऊन बसलो. एकेक खिळा डोळ्याजवळ धरून, बोटानं चाचपून. सहा ओळींना पाच तास लागले. प्रूफ काढलं, भिंग घेऊन तीनदा वाचलं. पाठच झालंय आता, कागद न पाहताही म्हणता येतं. एक काना इकडचा तिकडं नाही. विमला असती तर तिला हात लावायला जागा सापडली नसती.

मशीनही मीच चालवलं. पाय सुजलेत. प्रूफ इथं डकवून ठेवतो:

शुद्धिपत्र
नंदागवळी परिवाराच्या पत्रिकेतील
चुकीबद्दल माझा मुलगा आयु. अश्विन
हा दोषी असताना मी त्याला घराबाहेर
काढले, याची सर्वांनी नोंद घ्यावी.
– तेजराम टेंभुर्णे, मुद्रक, साकोली, जि. भंडारा

१४ मे, सोमवार

शनिवारीच सगळीकडं पाठवली. नागपूरची रजिस्टर पोस्टानं.

आज बाबुलाल आला, लग्नानंतर पहिल्यांदा. हातात कागद होता. उभ्यानं वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. मी म्हटलं, "कसा झाला?"

तो बाकावर बसला. म्हणाला, "चांगला झाला, भाऊ. छपाई साफ हाये." मग विचारलं, "साऱ्या वाटल्या का?"

"साऱ्या. अश्विनलेही गेली."

त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग माझा हात हातात घेऊन बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते. जुना मित्र, त्याला कळलं माझ्या मनाचं. मला वाटतं, त्यानं मला माफ केलं.

२४ मे, गुरुवार

अश्विनचं पत्र नाही. आज एसटीडी बूथवरून रत्नमालाच्या भावाकडं फोन लावला. तो म्हणाला, कागद मिळाला. अश्विन हात धुवत होता म्हणून टीनानं फोडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. घडाघडा वाचते म्हणे आता. अश्विननं तिच्या हातून घेतला, एकदा पाहिला आणि घराबाहेर निघून गेला. सांजेपर्यंत आला नाही.

मी विचारलं, "काही म्हणाला का?" तो म्हणाला, "नाई जी. फोन आला तर घरी नाई म्हणून सांगजा, एवढंच म्हणाला."

रडायला गेला असेल. आमच्या घरातली पुरुषमाणसं चारचौघांत रडत नाहीत. लाजत असेल माझ्याशी बोलायला, बापानं एवढं छापून माफी मागितल्यावर काय बोलावं म्हणून. मी घाई करणार नाही. आज त्यांची खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकली. शाळा सुरू व्हायच्या आत येतील.